वाऱ्याला किती द्यायचं?

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर स्कोरेग नावाची वस्ती आहे. तिथं मोटारीचा रस्ता नाही. होडीनं जायचं, नाहीतर डोंगरकडेनं पायी. बाहेरच्या विजेच्या ताराही तिथवर पोचलेल्या नाहीत. वारा मात्र मुबलक. ह्यू पिगट हे गृहस्थ 1970च्या दशकापासून तिथं छोट्या पवनचक्क्या बनवत आले, आणि त्यांची रीत पाहून जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या चक्क्या उभ्या केल्या.

रचना साधी. लाकडाची कोरलेली तीन पाती. त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या दोन पोलादी तबकड्या, त्यांवर चुंबक बसवलेले. तबकड्यांच्या मधोमध, रेझिनमध्ये घट्ट बसवलेली तांब्याच्या तारेची वेटोळी. चुंबक वेटोळ्यांसमोरून सरकले की तारेत वीज उपजते, खांबातून खाली उतरते आणि रेक्टिफायरमधून बॅटरीत जाते. मागची शेपटी पात्यांचं तोंड वाऱ्याकडे धरून ठेवते.

खरी खुबी आहे या शेपटीच्या बिजागरीत. ताशी 20 किलोमीटरचा वारा 40वर गेला, की त्यातली ताकद दुप्पट नव्हे, आठपट होते. वादळात छाती काढून उभी राहणारी चक्की मोडायचीच. म्हणून पात्यांचा मध्य खांबाच्या जरासा बाजूला ठेवतात. वारा वाढला की तो पात्यांना कडेला रेटतो आणि चक्की अंग चोरते. बिजागरी तिरकी असल्यामुळे शेपटी दुमडताना वर उचलली जाते. वारा ओसरला की ती आपल्याच वजनानं खाली येते आणि पाती पुन्हा वाऱ्यासमोर. ना स्प्रिंग, ना मोटर. अंग चोरलेल्या चक्कीची पाती थांबत नाहीत. झेपेल तेवढी वीज ती देतच राहते.

कुठल्याच कामाला नाही न म्हणणाऱ्या माणसाचं आपण कौतुक करतो, आणि तो आजारी पडला की हळहळतो. त्यालाही कुठंतरी थांबायचं असतंच, पण अंगावर आलेल्या गर्दीत ते सुचत नाही. चक्कीच्या बिजागरीचा कोनही वादळात बदलता येत नाही. तो आधीच, चक्की जमिनीवर असताना ठरतो. आपलं किती आणि कुठपर्यंत, हेही हातात फारसं काम नसलेल्या दिवशीच ठरवून ठेवावं. मग ऐनवेळी कुणावर चिडावं लागत नाही, आणि कामही सुटत नाही.