हिशेबात न आलेली माणसं

पहिल्या महायुद्धाची नुकसानभरपाई देण्यासाठी जर्मनीने कर्जरोखे काढले होते. त्यांच्या व्याजाचा शेवटचा हप्ता ३ ऑक्टोबर २०१० रोजी चुकता झाला. ब्रिटनने त्या युद्धाचे आपले उरलेले कर्जरोखे फेडले ते मार्च २०१५ मध्ये. राजवटी आल्या-गेल्या, दुसरं महायुद्ध होऊन गेलं, देशांच्या सीमा बदलल्या, पण पैशाची खातेवही कुणी हरवू दिली नाही. कोणाचे किती, दर काय, बाकी किती, सगळं शेवटपर्यंत जागच्या जागी.

माणसांची वही अशी जपली गेली नाही.

त्या युद्धात ९० लाखांहून अधिक सैनिक मेले असं मानतात. हिंदुस्थानातून १० लाखांवर माणसं समुद्रापार गेली, त्यांतली सुमारे ७४ हजार दगावली. शिवाय १९१७ मध्ये ब्रिटनला दिलेली १० कोटी पौंडांची ‘भेट’ या गरीब देशाच्या नावावर पडली. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा शिरला. त्याने देशभरात कोटीच्या वर माणसं नेली. ही माणसं युद्धाच्या खात्यात धरायची की नाही, हे अजून कुणी ठरवलेलं नाही. मी धरतो.

मेसोपोटेमियातलं, म्हणजे आजच्या इराकमधलं कुट पाहा. सहाव्या पुणे डिव्हिजनला डिसेंबर १९१५ मध्ये तिथे तुर्कांनी वेढलं. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. पिठाचं रेशन घटत गेलं, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, शेवटी घोडे कापून खायची पाळी आली. पुष्कळ हिंदी शिपाई त्या मांसाला शिवेनात. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी आली तरी कित्येकांचा हात पुढे होईना, कारण गावी परतल्यावर लोक पंगतीत बसवून घेतील का, ही धास्ती. मरण समोर उभं असताना त्या माणसाच्या डोळ्यांपुढे गावची पंगत होती, हे मला फार अस्वस्थ करतं. तो घरी जाणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. वेढा फोडायला गेलेल्या फौजेचे २३ हजारांच्या आसपास लोक मेले वा जखमी झाले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसांनी शरणागती पत्करली. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं, पुढे अनेकांना रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्यांतले हजारो वाटेत आणि छावण्यांत संपले.

मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मेलेल्या आणि थडगंही न लाभलेल्या ४० हजारांवर सैनिकांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. त्यावर ब्रिटिशांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा आहे. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाच्या समितीने २०२१ मध्ये हा अन्याय लेखी कबूल केला. निदान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांना नावानिशी स्मारक मिळालं नाही, काहींना तर कसलंच नाही. त्यांत पूर्व आफ्रिकेतले ओझी वाहणारे हमाल आणि इजिप्तचे मजूर मोठ्या संख्येने होते. गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, गव्हर्नराने त्या काळी म्हटलं होतं की तिथल्या सामान्य माणसाला थडग्यावरच्या दगडाचं मोल कळणार नाही. कुठल्या आईला ते कळणार नव्हतं?

साताऱ्या-रत्नागिरीकडच्या काही गावांत संगमरवरी पाट्या आहेत. १९१४ ते १९१९ च्या युद्धात या गावातून इतके गेले, इतके कामी आले, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे ४६ जण कामी आले. गावाला आकड्याचा अभिमान वाटतो आणि तो रास्तच आहे. पण आकड्यावरून कुणाची तिथी घालता येत नाही. आज दूरच्या युद्धाच्या बातमीत हजारांत मोजलेली माणसं आपण चहासोबत वाचून पान उलटतो, ती सवयही अशाच हिशेबातून लागलेली आहे.

पंजाबातल्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. आता त्या टप्प्याटप्प्याने सर्वांना पाहता येऊ लागल्या आहेत. जालंधर, लुधियाना आणि सियालकोट आधी झाले. आपल्याकडेही हे काम घरापासून सुरू करता येईल. त्या युद्धाचं चांदीचं पदक अजून काही घरांत ट्रंकेच्या तळाशी असेल. त्याच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. सोनाराकडे मोडीत घालण्याआधी ती कड उजेडात धरून वाचा आणि ते नाव ग्रामपंचायतीत लेखी द्या.