हया कोणासमोर?

जर्मनीतील म्युनिक शहरात ‘इंग्लिश गार्डन’ नावाचे एक विस्तीर्ण उद्यान आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत तेथील एका हिरवळीवर काही स्त्री-पुरुष पूर्णतः विवस्त्र अवस्थेत ऊन खात पडलेले असतात. शेजारच्या वाटेवरून सायकली जातात, लोक फिरायला निघतात. परंतु कोणी दचकत नाही की कोणी पोलिसांना बोलावीत नाही. २०१४ साली म्युनिक नगर प्रशासनाने शहरातील अशा सहा जागा रीतसर ठरवून दिल्या. बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर विवस्त्र स्नानासाठी राखीव पट्टे आहेत. सौना या उष्ण स्नानगृहात तर स्त्री-पुरुषांनी वस्त्राविना एकत्र बसणे हाच तेथील प्रचलित शिष्टाचार आहे.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जर्मनीत गेलेल्या मराठी मुस्लिम तरुणाला त्याचा जर्मन सहकारी सहजपणे विचारतो, “यात कोणाचे काय बिघडते? आम्ही कोणाला त्रास देत नाही. मग ही गोष्ट वाईट कशी?” हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला उपहासाने उत्तर देता येणार नाही आणि केवळ संतापानेही देता येणार नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे न्यायाने समजून घेणे, ही इस्लामची शिकवण आहे. म्हणून आधी ते नीट समजून घेऊ.

जर्मनीत या चळवळीला ‘फ्रायक्योर्परकुल्टुर’, म्हणजे मुक्त देहाची संस्कृती, असे म्हणतात. तिचा उगम विलासातून झालेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन शहरे कारखान्यांच्या धुराने आणि कोंदट वस्त्यांनी भरून गेली, तेव्हा जीवन-सुधारणेची एक लाट आली. निसर्गोपचार, शाकाहार, मद्यत्याग, मोकळी हवा आणि सूर्यप्रकाश यांचा तिने पुरस्कार केला. त्याच लाटेत काहींनी वस्त्रे हीसुद्धा कृत्रिम बंधने ठरविली. पुढे बर्लिनमध्ये अडोल्फ कोख या शिक्षकाने कामगार कुटुंबांसाठी विवस्त्र व्यायामाच्या शाळा चालविल्या. कपडे उतरले की मालक आणि मजूर यांतील भेद गळून पडतो, असा या विचाराच्या समाजवादी अनुयायांचा दावा होता. १९३३ मध्ये नाझी राजवटीने या चळवळीविरुद्ध फर्मान काढले. युद्धानंतर पूर्व जर्मनीच्या साम्यवादी शासनानेही १९५४ च्या सुमारास समुद्रकिनाऱ्यावर बंदी घालून पाहिली. लोकांचा विरोध पाहून दोनच वर्षांत ती सैल करावी लागली. शुद्धता, आरोग्य आणि समता ही या मंडळींची तीन प्रमाणे आहेत.

आता तेथील कायदा पाहू. केवळ विवस्त्र असणे हा जर्मनीत स्वतंत्र गुन्हा नाही. लैंगिक हेतूने केलेले प्रदर्शन दंडनीय आहे. त्याखेरीज किरकोळ अपराधांच्या कायद्यातील ११८ व्या कलमानुसार, सर्वसाधारण जनतेला उपद्रव होईल असे घोर अशिष्ट वर्तन केल्यास दंड होऊ शकतो. म्हणजे एकच कृती समुद्रकिनाऱ्यावर निर्दोष आणि बाजारपेठेत अपराध ठरते. कायदा विचारतो : याचा लोकांना त्रास होतो का? लोकांना सवय झाली की त्रास संपतो, आणि त्रास संपला की अपराधही उरत नाही.

या मापाचा दुसरा पैलूही पाहण्याजोगा आहे. एका मुस्लिम विद्यार्थिनीला शाळेतील मुला-मुलींच्या एकत्र पोहण्याच्या तासातून सूट हवी होती. २०१३ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने निर्णय दिला की तिने बुर्किनी, म्हणजे अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख, घालून तासाला यावे. मुलांचे उघडे देह पाहावे लागतात, या तिच्या आक्षेपावर न्यायालयाने म्हटले की असे दृश्य या देशाच्या दैनंदिन जीवनाचा भागच आहे. २०१९ मध्ये कोब्लेन्झ शहराने जलतरण तलावांत बुर्किनीला मनाई केली. त्वचारोग किंवा जखमा दिसाव्यात म्हणून अंग उघडे हवे, असा शहराचा युक्तिवाद होता. परंतु खेळाडूंना अंगभर रबरी पोशाख घालण्याची मुभा तेथे होतीच. त्या राज्याच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने हा दुजाभाव मान्य केला नाही आणि ती मनाई स्थगित केली. न्यायाची ही कृती आपण मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. ज्या कायद्याने विवस्त्राला जागा दिली, त्याच कायद्याने अंग झाकणाऱ्या स्त्रीलाही तलावात प्रवेश मिळवून दिला.

तरीही नैतिक प्रश्न शिल्लक राहतोच. लोकांची सवय हेच उचित-अनुचिताचे माप मानले, तर ते माप स्थिर कोठे राहणार? आज एका शहरात अंग झाकणे मान्य आहे. उद्या बहुसंख्यांना तेच खुपू लागले, तर? कायद्याने उपद्रव रोखावा, हे योग्यच आहे. परंतु मनुष्याने कसे असावे, हे तो सांगू शकत नाही.

विशेष म्हणजे, ज्यांनी वस्त्रे टाकली त्यांनाही मर्यादा टाकता आल्या नाहीत. विवस्त्र स्नानाच्या किनाऱ्यावर छायाचित्र काढणे निषिद्ध मानतात, कोणाकडे टक लावून पाहणे असभ्य समजतात आणि कामुक वर्तन करणाऱ्याला हाकलून देतात. हे नियम कोणी मौलवींनी घालून दिलेले नाहीत. त्यांनी स्वतःच केले आहेत. का केले? कारण नजर निष्पाप नसते, हे त्यांनाही ठाऊक आहे. देहावरचा पडदा काढल्यावर त्यांना नजरेवर पडदा घालावा लागला. पवित्र कुरआनने सूरह अन्-नूरमध्ये (२४:३०-३१) पडद्याचा विषय काढताना प्रथम श्रद्धावान पुरुषांना नजर खाली ठेवण्याचा आदेश दिला आहे, त्यानंतर स्त्रियांना. मनुष्यस्वभावाचे जे सत्य कुरआनने सांगितले, त्याची साक्ष त्या किनाऱ्यावरचे नियम नकळत देतात. मनुष्याच्या फितरतमध्ये, म्हणजे जन्मजात प्रकृतीत, हया आहे. एका दाराने तिला बाहेर काढले तर ती दुसऱ्या दाराने आत येते.

शुद्धतेच्या नावाने नग्नता, ही कल्पनाही नवीन नाही. इस्लामपूर्व काळात मक्केबाहेरून आलेले अनेक यात्रेकरू काबागृहाची परिक्रमा विवस्त्र होऊन करीत. ज्या कपड्यांत पाप केले, त्या कपड्यांत अल्लाहच्या घराभोवती कसे फिरावे, असे ते म्हणत. कुरैशांनी आपले कपडे दिले तर ठीक, अन्यथा नग्न तवाफ. हा तर्क वरवर पाहता भक्तीचा होता. परंतु सूरह अल्-आराफने (७:२८) तो नाकारला : पूर्वजांची रीत आणि अल्लाहचे नाव पुढे केल्याने निर्लज्जता पुण्य ठरत नाही. हिजरी ९ मध्ये हजरत अबू बकर (रजि.) यांच्या नेतृत्वाखाली हज झाला, तेव्हा हजरत अली (रजि.) यांनी जाहीर केले की यापुढे कोणीही विवस्त्र तवाफ करणार नाही. समतेचे म्हणाल, तर त्या हजमध्ये आणि आजही श्रीमंत-गरीब दोघांच्या अंगावर शिवण नसलेल्या दोनच चादरी असतात. भेद मिटविण्यासाठी मनुष्याला उघडे करावे लागत नाही.

काही जण म्हणतात की लाज ही समाजाने लादलेली आहे. हजरत आदम (अ.) आणि हव्वा (अ.) यांचा वृत्तांत येथे आठवावा. निषिद्ध वृक्षाची चव घेताच त्यांची गुह्यांगे त्यांना दिसू लागली आणि ती दोघे स्वर्गाच्या पानांनी स्वतःला झाकू लागली (७:२२). तेथे समाज नव्हता, रूढी नव्हती, कायदा नव्हता. किती झाकावे याचे प्रमाण देशोदेशी वेगळे आढळते, हे खरे. म्हणूनच केवळ अंतःप्रेरणेवर न सोडता सीमा दाखविणारे ईशमार्गदर्शन आवश्यक ठरते. पुढे वस्त्राचे दोन हेतू कुरआन सांगतो : लज्जारक्षण आणि शोभा, आणि तकवाचे, म्हणजे ईशपरायणतेचे वस्त्र सर्वांत उत्तम ठरवितो (७:२६). देह घाणेरडा आहे म्हणून तो झाकायचा, अशी ही दृष्टी नव्हे. देह ही अल्लाहची अमानत आहे. पती-पत्नीलाही कुरआनने एकमेकांचे वस्त्र म्हटले आहे (२:१८७). मौल्यवान वस्तू जपून ठेवतात, तिचा तिरस्कार असतो म्हणून नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू : कोणाचे काय बिघडते? अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहात एक प्रसंग आला आहे. एका सहाबींनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना लज्जारक्षणाविषयी अनेक प्रश्न विचारले. अखेरीस त्यांनी विचारले की मनुष्य अगदी एकटा असेल तर? प्रेषितांच्या (स.) उत्तराचा आशय असा की लोकांपेक्षा अल्लाहचा अधिक हक्क आहे की त्याची हया बाळगावी. एकांतात पाहणारा कोणी नाही, त्रास होणारा कोणी नाही. तरीही हया आहे. कायदा विचारतो की कोणाला त्रास झाला. ईमान विचारते की मी कोणासमोर उभा आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लोकांबरोबर बदलते. दुसऱ्याचे बदलत नाही.

आणि हाच प्रश्न आपल्यावरही उलटतो. हया ही ईमानची शाखा आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले, ती केवळ स्त्रियांची शाखा आहे, असे सांगितलेले नाही. मुलीच्या ओढणीवर लक्ष ठेवणारे आपले किती पुरुष स्वतःची नजर राखतात? पुरुषाने पुरुषाच्या गुह्यांगाकडेही पाहू नये, अशी सहीह मुस्लिममध्ये आज्ञा आहे. आपल्या व्यायामशाळांत आणि पोहण्याच्या विहिरींवर तिची आठवण किती जणांना असते? दार लावून, दिवा मालवून मोबाइलच्या पडद्यावर जे पाहिले जाते, त्याचा कोणालाच त्रास होत नाही. म्युनिकच्या हिरवळीवरचा मनुष्य निदान कॅमेरा बाजूला ठेवतो. त्याला नावे ठेवण्याआधी आपण आपल्या हातातील कॅमेऱ्याकडे पाहावे.

परदेशात राहणाऱ्या आपल्या तरुणांनी सौनाचे निमंत्रण नम्रपणे नाकारावे, कोणाची टिंगल करू नये आणि कोणी विचारलेच तर संकोच न करता कारण सांगावे. आपली वस्त्रे अंगावर आहेत, एवढ्यावर समाधान मानू नये. तकवाचे वस्त्र अंगावर आहे की नाही, हे एकांतातच कळते. अल्लाह आपणा सर्वांना ते वस्त्र लाभू देवो. आमीन.