मुखदर्शन



आजचं वाचन पाली 'उदान' ग्रंथातलं. रोजच्या हरिपाठात हे मध्येच कुठून आलं, असं विचाराल. कारण अगदी घराजवळचं आहे. ही गोष्ट आपल्या नालासोपाऱ्यात सुरू होते.

सोपारा तेव्हा मोठं बंदर होतं. बाहिया नावाच्या एका व्यापाऱ्याचं जहाज फुटलं आणि तो एकटा कसाबसा या किनाऱ्याला लागला. अंगावर कपडा उरला नव्हता, म्हणून झाडाची साल गुंडाळली, हातात खापर घेतलं आणि गावात भीक मागू लागला. लोकांनी त्याचं ते रूप पाहिलं आणि ठरवून टाकलं की हा कोणी पोहोचलेला महात्मा आहे. जेवण आलं, मान आला, कपडेही आले. कपडे मात्र त्याने नाकारले, कारण ते घातले तर मान जाईल! पुढे हळूहळू त्याला स्वतःलाच वाटू लागलं, की आपण खरंच अर्हत आहोत.

यात कोणीच कोणाला मुद्दाम फसवलं नव्हतं. लोकांनी फक्त एक चेहरा, एक वेश 'वाचला' होता.

आता माझी गोष्ट. गेल्या महिन्यात जुन्या फाइल्स आवरताना मला माझीच एक नोंद सापडली. तीन वर्षांपूर्वीची ऑनलाइन मुलाखत, मी पॅनेलवर. समोरच्या मुलाने चारपैकी तीन प्रश्न नीट सोडवले होते, चौथा अर्धा. खाली मी लिहिलं होतं, 'टेक्निकली चांगला. मोकळा वाटत नाही. टीममध्ये रुळेल याची खात्री नाही.' तो चेहरा मला अजून आठवतो. आखूड कपाळ, जुळलेल्या भिवया, घट्ट मिटलेले ओठ. एकही शब्द तो वाकडा बोलला नव्हता. 'मोकळा वाटत नाही' हे मी त्याच्या भिवयांत वाचलं होतं. लहानपणी आजीकडून ऐकलेलं, जुळलेल्या भिवयांचा माणूस आतल्या गाठीचा असतो म्हणून.

आम्ही दुसऱ्याला घेतलं. हसतमुख मुलगा, आजही छान काम करतोय. म्हणजे माझा निर्णय चुकला असंही सिद्ध होत नाही. गेले काही दिवस मला हेच टोचतंय. निकाल बरा लागला, तर चूक झालीच नाही का?

चेहरा वाचायची हौस फार जुनी आहे. चीनमध्ये कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहऱ्याचे तीन भाग पाडून आयुष्याचा अंदाज बांधतात, कानाची पाळी मोठी तर भाग्य मोठं मानतात. आपल्याकडे सामुद्रिक शास्त्र आहे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त स्त्री-पुरुषांच्या लक्षणांवर अध्याय आहेत. आणि शास्त्र न वाचताही घारे डोळे म्हणजे कपटी, रुंद कपाळ म्हणजे नशीबवान, हे स्थळ बघताना कोणीतरी बोलतंच.

विज्ञानाचा कोट घालूनही हे झालंय. आपल्या 'युगान्त'कार इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी संशोधनासाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे होते. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीची ठेवणच त्यांची वरचढ बुद्धी दाखवते, असा त्यांचा दावा. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं, की वंशाचा आणि कवटीच्या असमानपणाचा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हातात त्यांच्याच मताविरुद्ध. आकडे जिथे थांबले तिथे त्या थांबल्या, पुढचं काही त्यांनी स्वतःच्या मनाने जोडलं नाही.

मी मात्र जोडलं. तीन उत्तरं बरोबर, ही माझ्यासमोरची वस्तुस्थिती होती. 'आतल्या गाठीचा' ही माझी भर होती.

बाहियाकडे परत येऊ. एका देवतेने त्याला स्पष्ट सांगितलं, 'तू अर्हत नाहीस, त्या वाटेवरही नाहीस.' किती लागलं असेल! पण तो रागावला नाही, तडक निघाला आणि श्रावस्तीला बुद्धांपाशी पोहोचला. बुद्ध भिक्षेला निघाले होते. दोनदा त्यांनी नंतर ये म्हटलं, तिसऱ्यांदा रस्त्यातच उपदेश केला. त्याचा मला लागलेला अर्थ एवढाच: डोळ्यांना जे दिसलं तिथे थांब, त्यात स्वतःची गोष्ट मिसळू नकोस. तेवढ्याने बाहिया मुक्त झाला. थोड्याच वेळाने एका गाईने मारल्यामुळे त्याचा देह पडला.

म्हणून माझ्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं: निकाल बरा लागला तरी चूक झालीच. त्या मुलाने जे दाखवलं ते मी पाहिलं नाही, जे दाखवलं नाही ते त्याच्या नावावर लिहिलं. तो न्याय नव्हता.

मग चेहरे बघायचेच नाहीत का? ते जमणारही नाही. २००६ साली प्रिन्स्टनच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की अनोळखी चेहऱ्याबद्दल आपलं मत सेकंदाच्या दहाव्या भागातही तयार होतं. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, खात्री तेवढी वाढते. पहिला विचार आपल्या हातात नाही. तो लिहून त्याखाली सही करायची की नाही, हे आहे.

पंढरपूरला पदस्पर्शाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. मुखदर्शनाला आपण विठोबाच्या कपाळावरून त्याचा स्वभाव ताडतो का? नुसतं पाहतो, डोळे भरून, काहीही न ठरवता. आणि त्याच मंदिराच्या दाराबाहेर चोखोबांची समाधी आहे. उसाचा वाकडेपणा आणि त्याचा रस यांतला फरक ज्यांनी अभंगात सांगितला, त्यांना आपण जन्म बघूनच दाराशी थांबवलं होतं.

आजचा सराव साधा आहे. विरार लोकलमध्ये समोर जो कोणी बसेल, त्याच्याबद्दल मनात आलेला पहिला शेरा पकडा. तो खोडायची गरज नाही. फक्त म्हणा, 'ही माझी भर.' मग पुन्हा एकदा पाहा, मुखदर्शनासारखं.

त्या मुलाचं नाव मला आठवत नाही, भिवया तेवढ्या आठवतात. माफी मागायला पत्ता नाही. पुढच्या आठवड्यात मी परत पॅनेलवर आहे. या वेळी उत्तरं आधी लिहीन. आणि ज्या शेऱ्याला पुढ्यातल्या कामाचा आधार नाही, तो लिहिणार नाही.

राम कृष्ण हरी.