विसरणाऱ्या माणसाशी सत्य कसे बोलावे?

खोटे बोलणार नाही, हे चौथे शील आपण प्रत्येक वंदनेत ग्रहण करतो. परंतु जो माणूस आपले उत्तर पाच मिनिटांत विसरतो, त्याच्याशी खरे बोलायचे म्हणजे काय करायचे? कोरोनाच्या काळात वृद्धाश्रमांपुढे हा प्रश्न उभा राहिला.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी आली. २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावती व अचलपूर शहरांत ती पुन्हा लागली. अकोल्यातही निर्बंध आले. नातेवाइकांना वृद्धाश्रमाचे दार बंद झाले. ज्यांची स्मृती शाबूत होती त्यांना कारण कळले. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या मनात ते टिकेना. त्यात मुखपट्टीमुळे ओळखीचे चेहरेही परके झाले. अशी एखादी म्हातारी दिवसातून दहादा विचारणार, "माहा पोरगा काहून नाही आला वं?" आणि तो पोरगा कोरोनाने गेलेला असला तर?

कोणी म्हणेल, सत्य ते सत्य, दर वेळी सांगावे. २०१४ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखाचे व आनंदाचे चित्रपट-प्रसंग दाखविले. थोड्याच वेळात प्रसंग विसरले गेले. भावना मात्र उरल्या. म्हणजे मृत्यूची वार्ता पुसली जाते, घाव राहतो. ती वार्ता जवळ बसून एकदा ऐकणे हा आईचा हक्क आहे. रोज नव्याने ऐकविणे ही क्रूरता होय.

मग "उद्या येईल" म्हणावे काय? तेही नव्हे. अभयराजकुमार सुत्तात तथागतांनी सांगितले आहे की, असत्य गोड असले तरी बोलू नये. अहितकारक सत्यही बोलू नये. हितकारक सत्य वेळ पाहून बोलावे. म्हातारीच्या शब्दांमागे एकटेपणा आहे. "पोराची लय आठवण येते ना, माय? लहानपणी कसा होता तो?" असे म्हणून तिचा हात हाती घ्यावा. यात एक अक्षरही खोटे नाही.

मात्र ही सवलत दूरच्या मुलांना नाही. टाळेबंदीने दार बंद केले होते, फोन नव्हे. "ती विसरतेच, मग बोलून काय उपयोग?" असे म्हणणारा स्वतःशीच असत्य बोलतो. दुःख उरते, तसे लेकराचा आवाज ऐकल्याचे सुखही उरते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत व निरक्षरांत त्याचे प्रमाण अधिक आहे. बंधू-भगिनींनो, ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्या आपल्याच आया आहेत. त्यांनी आपल्याला शिकविले. आता त्या एकच प्रश्न शंभरदा विचारतील, तर शंभरदा मैत्रीने उत्तर देणे हे आपले शील आहे.