उंदराचे सेकंद, आजींचे आकडे

वेदना मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. ताप मोजता येतो, रक्तदाब मोजता येतो, साखर मोजता येते. दुखणं मात्र ज्याचं त्याने सांगायचं आणि दुसऱ्याने मानायचं. तरीही वेदनाशामक औषध बाजारात आणायचं तर आकडे लागतातच. ते दोन ठिकाणांहून येतात: आधी प्रयोगशाळेतल्या उंदराकडून, मग दवाखान्यातल्या रुग्णाकडून. यातला पहिला आकडा शास्त्रीय आणि दुसरा सांगोवांगीचा, असा एक समज आपल्या वैद्यकीय वर्तुळात चांगलाच मुरलेला आहे. मला तो उफराटा वाटतो.

उंदराकडून नेमकं काय मिळतं? १९४१ साली डी'अ‍ॅमर आणि स्मिथ यांनी रूढ केलेली चाचणी आजही चालते. शेपटीवर प्रकाशाची तीव्र तिरीप सोडायची आणि ती किती सेकंदांत झटकली जाते ते टिपायचं. कातडी भाजू नये म्हणून ठरावीक सेकंदांनंतर दिवा बंद. दुसरी चाचणी ५५ अंशांच्या आसपास तापवलेल्या हॉट प्लेटची. फार्मसीच्या जुन्या विद्यार्थ्यांना ती प्रॅक्टिकलमधून आठवत असेल. प्राणी पंजा चाटतो किंवा उडी मारतो, त्या क्षणी घड्याळ थांबवायचं. आकडे स्वच्छ येतात, त्यांचा आलेखही देखणा निघतो. पण शेपटी झटकण्याचं काम मज्जारज्जूच्या पातळीवरच उरकतं. मज्जारज्जूचा मेंदूशी संबंध तोडला तरी शेपटी झटकली जातेच. तव्याचा चटका बसला की आपलाही हात असाच मागे येतो, आणि त्यासाठी कोणी डॉक्टरांकडे जात नाही. लोक जातात ते रात्रभर डोळा लागला नाही म्हणून, जिना चढवत नाही म्हणून, दोन वर्षं झाली तरी कंबर सोडत नाही म्हणून.

या अंतराची किंमत औषध कंपन्यांनी पुरेपूर मोजली आहे. 'सबस्टन्स पी' हे रसायन १९३१ मध्ये सापडलं. वेदनेचा निरोप पोचवण्यात त्याचा हात असतो हे पुढे कळलं, आणि १९९०च्या दशकात त्याची वाट अडवणारी औषधं तयार झाली. प्राण्यांत ती गुणकारी ठरली. माणसांत मात्र अर्धशिशी, सांधेदुखी, मज्जातंतूंचं दुखणं, कुठेही त्यांचा धड उपयोग होईना. त्यांतलंच एक औषध, अ‍ॅप्रेपिटंट, अखेर २००३ मध्ये बाजारात आलं, पण केमोथेरपीनंतरच्या उलट्यांवर. गंमत अशी की उंदराला उलटी होतच नाही. त्यामुळे या कामासाठी फेरेट नावाचा मुंगसासारखा दिसणारा प्राणी वापरावा लागला होता. त्याहून बोलकी गोष्ट पुढेच आहे. या गटातली औषधं उलटी जितकी थांबवतात तितकी मळमळ थांबवत नाहीत. उलट्या बाहेरून मोजता येतात, मळमळ ज्याची त्यालाच कळते. प्राण्यात जे दिसतं त्यावर औषध उत्तम चालावं आणि जे फक्त सांगता येतं तिथे लंगडं पडावं, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

सांगण्याचं शास्त्र करता येतं, हे रोनाल्ड मेलझॅक यांनी दाखवून दिलं. वेदनेच्या 'गेट कंट्रोल' सिद्धांताचे पॅट्रिक वॉल यांच्यासह ते जनक. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या या मानसशास्त्रज्ञाने रुग्ण वापरतात ते शब्द गोळा केले, त्यांची तीव्रता डॉक्टर, रुग्ण आणि विद्यार्थी यांच्याकडून ठरवून घेतली, आणि १९७५ मध्ये ७८ शब्दांची, २० गटांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. शब्दांच्या निवडीवरून दुखण्याचा प्रकार बऱ्याच अंशी ओळखता येतो, हे त्यातून पुढे आलं. ठणका, कळ, चमक, आग, मुंग्या यांतला फरक आपल्याकडच्या जुन्या वैद्याला नवा नव्हता. मेलझॅक यांनी त्याला मोजमापाची शिस्त दिली.

ही शिस्त आपल्या ओपीडीत कशी उतरते ते एखाद्या सकाळी बघण्यासारखं असतं. प्रबंधासाठी दीडशे रुग्ण गाठायचे असलेला रेसिडेंट उभ्या उभ्या विचारतो, "आजी, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" आजी म्हणतात, "दुखतंय की." "तसं नाही, नंबर सांगा." आजी सुनेकडे बघतात. सून म्हणते, "आठ लिहा." आठ लिहिले जातात. त्या आठाची पुढे सरासरी निघते, प्रमाण विचलन निघतं, पी-मूल्य निघतं. संगणकाला हा आकडा कुठून आला याच्याशी काही देणंघेणं नसतं.

रेसिडेंटला बोल लावण्यात अर्थ नाही. पुढे रांग असते. पण प्रश्नच चुकीच्या घरातले असले तर निवांत विचारूनही भागत नाही. गुडघ्याच्या झिजेसाठी जगभर चालणारी 'वोमॅक' प्रश्नावली कॅनडात तयार झाली. तिच्या २४ प्रश्नांत बाथटबमध्ये शिरणं-निघणं आहे, मोजे घालणं-काढणं आहे. मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवं बसून भांडी घासणाऱ्या बाईचा गुडघा तिच्या चिमटीत येणार कसा? पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती इथल्या उठण्याबसण्याला धरून बदलून घेतली. त्याच गटाने १९९६ मध्ये भिगवणला घरोघर जाऊन पाहणी केली. प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी प्रश्न विचारले, माणसाच्या आकृतीवर दुखऱ्या जागा खुणावून घेतल्या, आणि दुखणं सांगणाऱ्यांना मग डॉक्टरांनी तपासलं. माझ्या लेखी हे काम कुठल्याही हॉट प्लेटइतकंच काटेकोर विज्ञान आहे.

यावर ठरलेला आक्षेप येतो. माणूस खोटं बोलतो, डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून बरं आहे म्हणतो, साखरेच्या गोळीनेही त्याला आराम पडतो. सगळं खरं. पण उंदीर तरी कुठे निर्लेप असतो? २०१४ मध्ये मॅकगिलमधल्याच जेफ्री मोगिल यांच्या गटाने दाखवलं, की प्रयोग करणारा पुरुष खोलीत असला, नुसता त्याने घातलेला टी-शर्ट तिथे ठेवला, तरी उंदरांचं वेदना दाखवणं कमी होतं. वासाचा ताण येतो त्यांना. त्याआधी २०१० मध्ये याच गटाने उंदराच्या चेहऱ्यावरून वेदनेला गुण देण्याची पद्धत बसवली होती: मिटलेले डोळे, फुगलेले गाल, कान, मिशा. बोलता न येणाऱ्या बाळाचा चेहरा वाचतात तशीच ही पद्धत. म्हणजे शेपटीवरच्या सेकंदांनी भागत नाही हे प्राण्यांवर काम करणाऱ्यांनीच ओळखलं, आणि तेही आपल्या परीने उंदराला विचारूच लागले.

प्रश्नावली हे शेवटचं न्यायालय आहे, असंही मी म्हणणार नाही. टॅनेझुमॅब या इंजेक्शनने वोमॅकवरचे वेदनेचे गुण सुधारले होते, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजत गेले. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मतांनी त्याला नकार दिला. तिथे एक्स-रे बोलला म्हणून लोक वाचले. रुग्णाला काय वाटतं आणि त्याच्या सांध्याचं काय होतंय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही विचारायला हवेत.

माझी तक्रार काळजीच्या वाटपाबद्दल आहे. आपल्याकडे प्राण्यांवर प्रयोग करायचा तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यापासून सुरू होणारी चौकट आहे. प्राणी किती, इतकेच का, वेदना कमी कशा करणार, शेवटी त्यांचं काय होणार, हे सगळं संस्थेच्या समितीपुढे लेखी मांडावं लागतं, आणि त्या समितीत बाहेरची माणसंही बसतात. हे योग्यच आहे. बोलता येत नाही म्हणून वेदना नाही असं होत नाही, हे आंतरराष्ट्रीय वेदना संघटनेनेही २०२०च्या आपल्या व्याख्येत प्राण्यांचा उल्लेख करून नोंदवलं आहे. माणसांसाठीची नीतिसमिती संमतिपत्र बघते, प्रश्नावलीचा कागदही बघते. तो कागद व्हरांड्यात कसा भरला जातो ते मात्र कुणीच बघत नाही. आणि औषध चालतं की नाही हे ठरतं त्याच व्हरांड्यात. तिथला आकडा पोकळ असेल, तर त्याच्या अलीकडे जेवढे प्राणी मेले ते फुकट मेले. प्राणीमित्र पिंजऱ्यापुढे घोषणा देतात ते समजू शकतं, पण प्रश्नावलीच्या दर्जासाठी त्यांनी आवाज उठवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

शोधनिबंधाच्या पद्धतीच्या भागात उंदराची जात, वय, वजन, लिंग, खोलीचं तापमान, दिवे किती तास चालू होते, इथपर्यंत छापलेलं असतं. रुग्णांच्या बाबतीत तिथे चार ओळी वाढायला काय हरकत आहे? प्रश्न कोणी विचारले, कोणत्या भाषेत, रुग्णाने स्वतः वाचले की वाचून दाखवले, आणि उत्तर त्याचं होतं की सोबत आलेल्याचं.