वरून ओतलेलं पाणी

तहान भागवणारा प्रत्येक जण आपला नसतो. 'ओंजळ धर, मी वरून ओततो' म्हणणाऱ्याच्या पाण्यानंही घसा ओला व्हायचाच. पण किती ओतायचं, कधी थांबायचं, हे लोटेवाला ठरवायचा. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी आपल्या हातानं उचललं, ते काही घसा कोरडा पडला म्हणून नव्हे.

हे आपल्याला पाठ आहे. जयंतीला दणकून सांगतो. पण आपल्याच वस्तीतली चालता न येणारी, डोळ्यांनी न दिसणारी, थकलेली माणसं आज कुणाच्या लोट्यानं पाणी पितात, हे बघतो का?

दुसरबीडसारख्या गावात म्हातारीला 'निराधार'चे पैसे येतात. ही योजना १९८० ची. २०२३ ला रक्कम दरमहा १५०० झाली. कागद सिंदखेडराजा तहसिलीत, अंगठा बँकेत, आणि पैसा पोराच्या खिशात. पोरगा वाईट असतो असं नाही. गोळ्या आणतो, लुगडं आणतो. पण लुगडं कोणतं, दवाखाना कोणता, आंघोळ पहाटे की उन्हं वर आल्यावर, विहारात वंदनेला जायचं की नाही? "मले कोनी इचारलं?" हे तिच्या ओठातच राहतं. हीच वागणूक गावानं आपल्याला दिली तेव्हा आपण तिला गुलामी म्हटलं. घरात झाली की सेवा म्हणतो!

१९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव घेतलं अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं. त्याच साली तिकडे बर्कलीला अपंगांनी स्वतःचं केंद्र काढलं. मदतनीस कोण, किती वाजता यायचा, काय करायचं, हे ज्याचं शरीर तो ठरवणार. पुढं एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत शंभरावर लोक हक्कासाठी ठिय्या देऊन बसले, तीन आठवड्यांहून जास्त. त्यांना गरम जेवण कुणी पोचवलं? ओकलंडच्या काळ्या पँथरांनी. त्यांचाच ब्रॅड लोमॅक्स चाकाच्या खुर्चीत आत बसलेला, आणि त्याला सांभाळणारा चक जॅक्सन, तोही पँथर. काळ्या पँथरांची वळलेली मूठ आपण उचलली; त्यांचा हा डबा मात्र आपल्यापर्यंत आलाच नाही.

कुणी म्हणेल, मग सांभाळणाऱ्यानं काय नुसते हुकूम झेलायचे? हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याइतका कुणालाच नाही. दुसऱ्याची घाण काढणं जातीनं आपल्या माथी मारलं. घरात तेच काम आपण सुनेच्या, बहिणीच्या माथी मारलं, हेही खरं. म्हणून माझं म्हणणं असं: अंगाला हात कधी, कसा लावायचा हे ज्याचं अंग त्यानं सांगावं. आणि ज्याचे हात राबतात त्याला मोबदला, सुट्टी, 'आज जमणार नाही' म्हणायची मुभा. यातलं एक जरी गेलं तरी पुन्हा मालक आणि गुलाम.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची गोष्ट आहे. पण त्याच कलमात सरकारच्या 'आर्थिक कुवती'ची पळवाटही आहे. ब्रिटननं १९९६ च्या कायद्यानं पैसा थेट माणसाच्या हाती द्यायची वाट काढली, मदतनीस त्यानंच नेमावा म्हणून. इथं सून फुकटात मिळते, सरकारला घाई कशाची?

विनयपिटकातली गोष्ट विहारात सांगतातच. आपल्याच मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासोबत स्वतः धुतलं. पण पाणी आणण्याआधी त्यांनी त्याला विचारलं होतं: तुला काय होतंय, तुझ्याजवळ कुणी आहे का, का नाही? आपण धुण्यापासून सुरुवात करतो, विचारणं गाळतो.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के पैसा दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. येत्या ग्रामसभेचा ठराव लिहायच्या आधी त्या घरांत जाऊन बसा. तीनचाकी हवी की आधी गल्लीतला चिखल काढायला हवा, ते तिथंच कळेल. आणि कुणाला सभेपर्यंत उचलून न्यावं लागलं, तर कसं उचलायचं तेही त्यालाच विचारा.