गुरुवारची गोधडी

वाचनपाठ : प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९, वचने ३६ ते ४३



नागपुरातील आमच्या मंडळीच्या स्त्रिया दर गुरुवारी दुपारी उपासनामंदिराच्या मागील ओसरीवर जमून गोधड्या शिवितात. घरोघरची जुनी लुगडी, विटलेले सदरे, पोरांची आखूड झालेली झबली ह्यांचा तेथे ढीग पडतो. खाली दोन-तीन जुनी पातळे अंथरून त्यांच्या चार कोपऱ्यांस चार दगड ठेवितात, वर ठिगळे मांडितात, आणि चौघीजणी चार बाजूंस बसून कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत येतात. हिवाळा लागला म्हणजे ह्या गोधड्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात जातात. चंद्रपूर-गडचिरोलीकडून, छिंदवाडा-बालाघाटाकडून लोक आपला रोगी घेऊन नागपुरास येतात. रोग्यास खाट मिळते, त्याच्याबरोबर आलेल्या म्हाताऱ्या आईस फरशी. डिसेंबर-जानेवारीची येथील रात्र कशी असते, हे विदर्भातील वाचकांस सांगावयास नको.

खरे सांगावयाचे तर ह्या बैठकीस आम्ही पुष्कळ दिवस सभा म्हणून मोजलेच नव्हते. प्रार्थनासभा ती सभा, शास्त्राभ्यास ती सभा. ही आपली बायकांची बैठक, असा आमचा हिशेब. एकदा तर शिवण बाजूस ठेववून आम्ही तेथे पाठ घेतला, आणि प्रसंगास शोभेल म्हणून मार्काच्या दुसऱ्या अध्यायातील कोऱ्या कापडाच्या ठिगळाचा दृष्टांत निवडला. नवे ठिगळ आटते, जुने वस्त्र अधिकच फाटते, तस्मात् नव्या-जुन्याचा मेळ बसत नाही, असे आम्ही विवरण करीत होतो. तेव्हा कोपऱ्यातल्या एक आजीबाई मान वर न करिता म्हणाल्या, "पाळकसाहेब, कोरं कापड पहिले भिजवा लागते, वाळवा लागते, मंग ते जुन्यात बसते."

आम्ही निरुत्तर झालो. ह्या वचनावर सेमिनरीत घेतलेली टिपणे आमच्या कपाटात अद्याप आहेत. पण खळ निघून आटल्यावाचून कापड ठिगळाच्या उपयोगाचे नाही, हे त्यांत कोठेच नाही. घरी येऊन मूळ ग्रीक पाहिले, तो तेथील शब्दाचा अर्थच मुळी परटाच्या हाताखालून न गेलेले, न आटलेले कापड असा. आमच्या प्रभूस ते ठाऊक होते. नासरेथच्या घरात त्याने ठिगळे लावताना कोणास तरी पाहिले असावे. त्या दिवसापासून गुरुवारी आम्ही ऐकावयास जातो.

आता यापोकडे वळू. यापो हे समुद्रकाठचे बंदर. तेथे टबीथा राहत असे. ग्रीक भाषेत तिचे नाव दुर्कस, म्हणजे हरिणी. लूक तिच्यासाठी शिष्य ह्या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप योजितो, आणि हे रूप सबंध नव्या करारात ह्या एकाच ठिकाणी आले आहे. जिला हा मान मिळाला तिचे एकही भाषण लूकाने लिहून ठेविले नाही. तिच्या हातचे अंगरखे व झगे मात्र त्याने लिहून ठेविले. ती मरण पावल्यावर लोदाहून पेत्रास बोलावून आणिले. तो माडीवर गेला तो विधवा रडत उभ्या, आणि त्याला ती वस्त्रे दाखवीत होत्या. येथे मूळ क्रियापदाचे रूप असे आहे की, त्या विधवा स्वतःच्या अंगावरचीच वस्त्रे दाखवीत होत्या, असे कित्येक भाष्यकार समजतात. आम्हांस ते पटते. गरिबाजवळ पेटीत ठेवावयास दुसरे वस्त्र कोठले? ह्याच पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमेच्या मंडळीत रोजच्या वाटणीत काही विधवांची उपेक्षा झाल्याची कुरकूर आहे, हेही विसरू नये. जेथे वाटणी झाली तेथे कुरकूर झाली. यापोत एका स्त्रीने सुई हाती घेतली होती.

पुढे तिच्या नावाने इंग्लंड-अमेरिकेतील मंडळ्यांत स्त्रियांच्या शिवणसभा निघाल्या. आमच्याकडे १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई तेव्हाच्या मध्यप्रांतात येऊन निराधार विधवा व मुली केडगावास घेऊन गेल्या, आणि मुक्तिसदनात त्यांस अक्षरांबरोबर शिवण व विणकामही शिकविले. रमाबाई स्वतः विधवा होत्या; त्यांस टबीथेच्या माडीवरील रडणे समजावून सांगावे लागले नसेल.

परंतु हा लेख आम्ही स्तुतीसाठी लिहावयास घेतला नाही. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मंडळीत नव्याने आलेली एक बाई गुरुवारी गाठोडे घेऊन आली. पहाटे शहरातील रस्ते झाडण्याचे तिचे काम. कपडे धुऊन, वाळवून, घड्या घालून आणिले होते. "ठेवा तिथं," कोणी म्हणाले. पुढच्या गुरुवारी गाठोडे तेथेच होते. त्याच्या पुढच्याही. तिला वाईट कोणी बोलले नाही; तिच्याकडे दोरे कापण्याचे काम दिले, आणि ती ओसरीच्या कडेला बसून ते करी. चौथ्या गुरुवारी ती आली नाही.

आम्ही हे सर्व पाहत होतो. कापड पुष्कळ आहे, पाळी येईल तेव्हा येईल, असे आम्ही मनाशी म्हटले. रात्री जेवताना आमच्या पत्नीने विचारिले, "त्या बाईंचं गाठोडं तुम्ही पाहिलंत ना?" पाहिले, एवढेच आम्ही म्हणालो. त्या रविवारी व्यासपीठावर उभे राहून आम्ही उपदेश केला तो विश्वासाविषयी!

जेथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्याबरोबर लाखो लोकांनी जातीचे जोखड झुगारून दिले, त्या ह्या नागपुरात, क्रुसाच्या छायेतील ओसरीवर, एक गाठोडे तीन आठवडे बांधलेले राहिले. टबीथेची गोष्ट जेथे संपते त्या शेवटच्या वचनाकडे आम्ही क्वचितच लक्ष देतो. पेत्र यापोत पुष्कळ दिवस राहिला तो शिमोन नावाच्या चांभाराच्या घरी. मेलेल्या जनावरांची कातडी हाताळणारा मनुष्य यहूदी आचारवंतांस विटाळाचाच वाटे. मेलेली टबीथा उठली त्या गावीच पेत्राने त्या घराचा उंबरठा ओलांडिला. कर्नेल्याच्या घराचा उंबरठा त्याच्या पुढचा.

सोमवारी आम्ही त्या बाईच्या घरी गेलो. तिने पाणी दिले व आम्ही काही बोलण्यापूर्वीच म्हणाली, "माहे कपडे जुने होते पाळकसाहेब, कामाचे नसतील." गोधडीच्या कामास जुने कपडे लागतात हे तिला का ठाऊक नव्हते? ती आमची लाज झाकीत होती. आम्ही तिची क्षमा मागितली.

नागपूरच्या ख्रिस्ती लोकांस जोडकाम नवे नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र होऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, ती ह्याच शहरात. त्याविषयीची बोलणी १९२९ पासून चालली होती. म्हणजे सहा ठिगळे जोडावयास एकेचाळीस वर्षे लागली, आणि एका मोठ्या मंडळीने त्याच वर्षी माघार घेतली ती वेगळीच. पुढाऱ्यांच्या दिरंगाईस आम्ही कितीदा हसलो असू. आमच्या ओसरीवर तर एक गाठ सोडावयाची होती.

गुरुवारी ती गाठ आम्ही सर्वांसमक्ष सोडिली. आजीबाईंनी गाठोड्यातून पोरीचा एक गुलाबी झगा उचलला, उसवला, आणि अंथरलेल्या गोधडीच्या मधोमध मांडून टाचला. कोणी काही बोलले नाही. दोघीजणी आपापल्या सुया आवरून उठून गेल्या. त्या अद्याप परत आल्या नाहीत. आम्ही त्यांच्याकडे जात असतो. एकीकडे चहा मिळतो. दुसरी फाटकातूनच बोलते. ती फाटकाशी येते तोवर आम्ही जाणार.

ती बाई मात्र पुन्हा येऊ लागली आहे. तिचा टाका बारीक आहे, असे आजीबाई म्हणतात, आणि त्यांच्या तोंडून टाक्याची स्तुती सहसा निघत नाही. आजीबाईंस आता संध्याकाळी सुईत दोरा ओवता येत नाही. तेवढे काम आमच्याकडे आले आहे. मंडळीतील ज्यांच्या घरी जुनी पातळे असतील त्यांनी ती गुरुवारी तीनच्या आत आणावी. कोरे कापड असल्यास भिजवून, वाळवून आणावे.